विलासचा नेम

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. देवासमोर हात जोडतानाही नाही — तिथंसुद्धा मी इकडचं तिकडचं बोलते आणि उठते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक तुम्हाला सांगता येतंय. ओळखीच्या माणसाला सांगायला जी छाती लागते ती माझ्यात नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

मी सौंसरला शाळेत गणित शिकवते. विलास माझा धाकटा भाऊ. मोहगावच्या रस्त्याला आमच्या वडिलांची शेती, ती तो करायचा — संत्र्याचा बगीचा, कापूस, कापसात तुरीचे तास. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. त्याची पाटी, त्याचा ताप, पुढं त्याच्यासाठी मुलगी पाहणं, सगळं मी केलं. त्यामुळं त्याला सवयच लागली. विहिरीवर मोटार कोणती बसवायची, लेकीला, प्राचीला, कोणत्या शाळेत घालायचं, काही असलं की फोन. सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "तू सांगशील थे, ताई."

बंदूक कोणती घ्यायची, हेही त्यानं मलाच विचारलं.

बाईला बंदुकीचं काय विचारायचं, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या घरात बंदूक हातात धरलेली मी एकटीच होते. पांढुर्ण्याला कॉलेजात असताना मी छात्रसेनेत होते. शिबिरात पालथं झोपून, कोपर मातीत रोवून, पॉइंट टू-टूच्या रायफलनं निशाणा धरायचा. पहिल्याच शिबिरात माझ्या पाचही गोळ्या एका बांगडीत मावतील एवढ्या जागेत लागल्या. मला पदक मिळालं. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचा आणि बोट हळूच दाबायचं — त्या थांबलेल्या श्वासात मला जे वाटायचं ते पुन्हा कशातच वाटलं नाही. लग्न झालं, पदक पेटीच्या तळाशी गेलं. सासरी कोणाला ते दाखवायचा प्रसंगच आला नाही. मी तक्रार करत नाहीये. फक्त हे सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यातूनच आलं.

त्या वर्षांत डुकरांनी फार त्रास मांडला होता. रानडुकरं यायची, भुईमूग उकरायची, उभी तूर आडवी करायची. चितळंही यायची, संत्र्याच्या कोवळ्या कलमांचे शेंडे खाऊन जायची. हरणावर गोळी झाडायची नाही, कायदाच तसा आहे, आणि विलासला ते करायचंही नव्हतं. पण डुकरासाठी रीतसर परवानगी मिळत होती. त्यानं दीड-दोन वर्षं चकरा मारून पीक राखायचं लायसन्स काढलं. मग एका शनिवारी आम्ही दोघं बसनं नागपूरला गेलो, बंदुकीच्या दुकानात.

दुकानदार वयस्कर, शांत माणूस होता. त्यानं काउंटरवर दोन रायफली ठेवल्या. एक तीनशे पंधरा बोरची, दुसरी टू-टू. लायसन्सची झेरॉक्स कमी पडली म्हणून विलास खाली रस्त्यावर गेला. तेवढ्या वेळात त्या माणसानं मला सगळं समजावून सांगितलं. अगदी माझ्या वर्गात मी समजावते तसं.

"निशाणेबाजी करायची असेल, डबे-बाटल्या फोडायच्या असतील, तर टू-टू घ्या, मॅडम. धक्का नाही, आवाज नाही, गोळी स्वस्त. पण पूर्वी लोक हरणालासुद्धा ही वापरत नव्हते. आणि डुकराच्या खांद्यावर कातडीखाली ढालीसारखा जाड थर असतो. ही गोळी त्यात अडकून बसते. डुक्कर मरत नाही, चवताळतं. पिकासाठी असेल तर तीनशे पंधराच."

मी ऐकलं. नीट ऐकलं. मग तीनशे पंधरा उचलून खांद्याला लावून पाहिली. जड होती. एवढ्या धक्क्याची रायफल मी चालवणार नाही आणि विलास तिच्या महागड्या गोळ्या रविवारी डब्यांवर उडवणार नाही, हे मला तिथंच कळलं. नंतर मी टू-टू हातात घेतली. गाल दस्त्याला टेकला. मी शेहेचाळीस वर्षांची होते, आणि दुकानाच्या पंख्याखाली उभ्या उभ्या मी पुन्हा एकोणीस वर्षांची झाले.

विलास झेरॉक्स घेऊन वर आला. त्यानं दोन्हींकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कोणती घेऊ, ताई?"

"ही," मी म्हटलं. "नेम बरोबर असला तर ही पुरते."

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मग पावतीबुक पुढं ओढलं. गिऱ्हाइकासमोर किती बोलणार तो? मी तरी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला होता का? आठवत नाही. मुद्दाम आठवत नसेल.

पुढचं वर्षभर मी जवळजवळ दर रविवारी मोहगावच्या रस्त्याला गेले. घरी सांगायची, विलासला शिकवायला जाते. ते खोटं नव्हतं, शिकवतही होते. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तेलाच्या डब्याची झाकणं टांगायची, पोत्यावर पालथं पडायचं. विलासची बायको कुंदा चहा घेऊन यायची आणि तिथंच बसून हसायची — "ताई, तुमचं झाकण वाजते, ह्यायची गोळी माती उडवते." मग हळूहळू विलासचंही झाकण वाजायला लागलं. मी त्याला डुकराचं चित्र काढून दाखवलं. पुढच्या पायाच्या मागं, इथं. दुसरीकडं कुठंच नाही. तो मन लावून शिकला. माझ्यापेक्षाही थंड हाताचा निघाला तो.

त्या रविवारांत मी सुखात होते. हे सांगताना लाज वाटते, पण होते.

डिसेंबर होता, कापसाची वेचणी चालू होती. दोन-तीन दिवस सकाळी डुकरं तुरीत दिसत होती. त्या दिवशी उन्हं वर आल्यावर एक मोठा डुक्कर बगीच्याच्या कडेला निघाला. विलास धुऱ्याआड पालथा होता. त्यानं श्वास थांबवला असेल, मी शिकवला तसा. गोळी लागली. डुक्कर पडला नाही. वळला आणि सरळ कापसात घुसला. कापसात कुंदा ओटी बांधून वेचत होती. ती पळाली असती, पण तिला तो दिसलाच नाही. त्याचा सुळा मांडीत घुसला.

सौंसरच्या दवाखान्यातून नागपूरला न्यायला सांगितलं. जीपमध्ये विलास दोन्ही हातांनी तिची मांडी दाबून बसला होता. सावनेरच्या पुढं कुठंतरी ती गेली. त्याला कळलं नाही. नागपूर येईपर्यंत तो दाबूनच होता.

मला शाळेत फोन आला तेव्हा जीप निघून गेली होती. जंगल खात्याचे लोक शेतावर आले होते, पंचनाम्याला घरचं कोणी हवं होतं, म्हणून मी शेतात गेले. डुक्कर नाल्यापाशी सापडला होता. लोकांनी शेवटी काठ्या-कुऱ्हाडींनी मारला. जंगल खात्याच्या नाकेदारानं त्याच्या खांद्यापाशी सुरीनं चीर दिली आणि मला जवळ बोलावलं.

"पाहा मॅडम. गोळी जागेवरच लागली. पण लय बारीक आहे, आत गेलीच नाही."

पांढऱ्या, जाड थरात ती छोटी गोळी बसलेली होती. पुढच्या पायाच्या मागं. मी चित्रात बोट ठेवलं होतं तिथंच.

विलासचा नेम चुकला नव्हता. एक बोटही इकडं तिकडं नाही. हे मला कळलं तेव्हा कुंदा अजून जिवंत होती की गेली होती — हा हिशेब मी कितीदा केला आहे. गणित शिकवते ना. जुळत नाही.

पण मी इथवर जे सांगितलं, तो माझा पहिला गुन्हा. हाव सुटली, खोटं सांगितलं, आणि त्यातून जे झालं ते झालं. एवढंच असतं तर कदाचित मी ते कधीतरी कोणाला सांगितलंही असतं. खरं सांगायचं ते पुढं आहे.

तेरवी झाली. पाहुणे गेले. दुपारी मी ओसरीवर गहू निवडत बसले होते. विलास येऊन समोर बसला. दाढी वाढलेली, डोळे खोल. सुपातला एक खडा त्यानं उचलून बाजूला टाकला. मग म्हणाला,

"ताई, तू पाह्यला ना थो डुक्कर. गोळी कुठं लागली होती?"

तुम्ही काय म्हटलं असतं? मला माहीत आहे तुम्ही काय म्हटलं असतं. कोणत्याही माणसानं म्हटलं असतं.

मी म्हटलं, "मागं. पोटाकडं."

त्यानं मान हलवली. जणू त्याला ठाऊकच होतं. "थंडी होती. हात कापला असंन माहा," तो म्हणाला. "तू तं सांगितलंच होतं. नेम बरोबर असला तर पुरते म्हणून."

मी गहू निवडत राहिले.

त्यानंतर कोणी म्हटलं की टू-टूनं डुकरावर कशाला गेला रे, तर तो माझंच वाक्य त्यांना सांगायचा. वर म्हणायचा, रायफलीचा दोष नव्हता, माझा नेम चुकला. गावात, दवाखान्यात, ठाण्यात, सोयऱ्यांत. प्राचीलाही त्यानं स्वतःच सांगितलं. ती तेव्हा छिंदवाड्याला कॉलेजात होती. "माह्या हातानं तुही आई गेली, बेटा." एकोणीस वर्षांची पोर. तिनं ते तसंच्या तसं धरलं. घरी येणं कमी झालं, मग नागपूरला नोकरी लागली, मग फोनही सणासुदीला. आला तरी दोन मिनिटं. तो मला म्हणायचा, "बरोबर आहे तिचं. मी काय तोंडानं बोलू?" मी म्हणायची, येईल रे, वेळ लागते. मी त्याला समजावायची, हे तुमच्या लक्षात येतंय ना? मी.

रायफल त्यानं ठाण्यात जमा केली होती. तरी एकदा, दोनेक वर्षांनी, भर दुपारी मी शेतात गेले तर तो धुऱ्यापाशी पालथा पडलेला. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेले तर त्यानं कापसाची वाळकी पराटी खांद्याला लावली होती, बंदुकीसारखी. समोर जुन्या तारेला एक गंजलेलं झाकण लटकत होतं. तो डोळा मिटायचा, श्वास थांबवायचा, काडीचं टोक स्थिर राहतं का ते पाहायचा. मग काडी खाली ठेवायची, हात झटकायचे, पुन्हा उचलायची. हात कुठं कापतो ते तो शोधत होता.

काडी हलत नव्हती. मला मागून स्पष्ट दिसत होतं, केसभरही हलत नव्हती.

एक वाक्य पुरलं असतं. त्याच्या बाजूला मातीत बसायचं आणि म्हणायचं, विलास, गोळी जागेवर लागली होती. त्यानं मला मारलं असतं, तर मारलं असतं. नातं तोडून टाकलं असतं. पण त्याचा हात त्याला परत मिळाला असता. प्राची परत मिळाली असती. मला हे सगळं त्याच क्षणी कळत होतं. मी पाय न वाजवता मागं फिरले आणि सडकेवर येऊन बसची वाट पाहत उभी राहिले.

तो अजून पाच वर्षं जगला. एकटा राहायचा, एकटा रांधायचा. दर भाऊबीजेला माझ्याकडं यायचा, मी ओवाळायची. मागच्या उन्हाळ्यात बगीच्याला पाणी देताना झटका आला आणि तो गेला.

प्राची आली. मोठी झाली आहे आता, कामाची, कमी बोलणारी. दहाव्यानंतर कागदपत्रं निपटायला आम्ही दोघी ठाण्यात गेलो. लायसन्स रद्द करायचं होतं, रायफल सरकारजमा करायची होती. मुंशीनं मालखान्यातून ती आणवली, चिठ्ठी वाचली, आणि चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं.

"टू-टू? सूअर के लिए ये किसने दिलवाई थी?"

मी प्राचीच्या शेजारी उभी होते. हातभर अंतरावर.

"बाबांनीच घेतली असेल," प्राची म्हणाली. "त्यांना निशाण्याचा शौक होता. रविवारी झाकणं फोडत बसायचे." तिच्या आवाजात राग नव्हता. राग केव्हाच संपला होता, त्याच्या जागी काहीच नव्हतं.

मुंशीनं रजिस्टर फिरवून माझ्यासमोर केलं. साक्षीदार म्हणून घरच्या मोठ्या माणसाची सही लागत होती. मी पेन घेतला आणि सही केली.

बाहेर पायऱ्या उतरताना माझे गुडघे दुखतात म्हणून प्राचीनं माझा हात धरला. म्हणाली, "आत्या, तू होतीस म्हणून बाबांचं निभलं." मी तिला हात धरू दिला.