गुणाबाईची टाकी

त्या संध्याकाळी गुणाबाई समोर असती, तर मी तिच्या हातातली छिन्नी हिसकावून खाडीत फेकली असती. इतका संताप झाला होता माझा.

साल चौऱ्याहत्तर. भिवंडीत लूमवर माझी दिवसाची ड्युटी. उरलेल्या वेळात मी तानसा नदीतून आणलेला हातभर काळा दगड वाळू-पाण्यानं घासत बसायचो. बसलेल्या म्हशीची पाठ करायची होती. शिंगं नाहीत, तोंड नाही, नुसती पाठ. आठ महिने घासल्यावर दगड असा गुळगुळीत झाला की हात ठरेना. ठाण्याच्या शिल्पप्रदर्शनात तो मांडायला कमिटीनं होकार दिला होता. माझं काम पहिल्यांदाच कोणीतरी बघणार होतं.

आणि आठवडाभर आधी गुणाबाई आमच्या गल्लीत आली. अकलोलीची ही बाई, साठीला टेकलेली. नवरा गेल्यापासून तीस वर्षं पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत दारोदार फिरायची. झिजलेल्या दगडाला छिन्नीनं बारीक खड्डे पाडले की मसाला नीट वाटला जातो. भावानं, म्हणजे मी, भाचीच्या लग्नाच्या मसाल्यासाठी मोठा वरवंटा घडवला आणि टाकी लावायला विसरला, अशी आमच्या आक्काची पक्की समजूत! तिनं माझा दगड गुणाबाईपुढे ठेवला.

घरी आलो तर दगडाला खड्डेच खड्डे. मी आक्कावर ओरडलो, जेवलो नाही.

सकाळी चिडूनच पुन्हा दगड पाहिला. छिन्नीचे टाके सगळीकडे सारखे नव्हते. कण्यावर दाट, उतारावर विरळ, पोटाशी काहीच नाही. म्हशीची राठ कातडी समोर उभी होती. आठ महिन्यांत मला जमलं नाही ते या बाईनं एका दुपारी केलं होतं. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू? तडक अकलोलीला जाऊन तिला गाठलं.

"वरवंटा न्हाय ह्यो, म्हशीची पाठ हाय, हात लावताच समजलं मला," ती म्हणाली. "पन आक्का आयकंना. मंग म्हशीला शोभंल अशी टाकी लावली. चुकलं काय?"

चुकलं काय म्हणे!

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कमिटीचे साहेब त्या टाक्यांवरून बोटं फिरवत वाहवा करत होते. मी म्हटलं, "कार्डावर माझ्या नावाशेजारी गुणाबाईंचं नाव घाला. हे टाके त्यांचे आहेत."

साहेब हसले. "टाकीवाली? अहो अनंता, ती मजुरी झाली. उद्या छिन्नी घडवणाऱ्या लोहाराचंही नाव घालाल!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कौतुक हाताचं करायचं आणि त्या हाताला नाव द्यायचं नाही? कसले हे कलेचे जाणकार! मी दगड उचलला आणि सरळ एस.टी.त बसलो.

मोठा पराक्रम केल्यासारखा गुणाबाईकडे गेलो. "तुमचं नाव नाही, तर माझा दगडही नाही. परत आणला!"

तिनं हातोडी खाली ठेवली. "परत आनला?"

"मग काय!"

"तीस वरसं माजं काम मसाल्याखाली जातंय," तिचा आवाज चढला. "येकदा लोकं नुसतं बघनार व्हती. नाव नसतं तर नसतं. मी आले असते बघाया. तू मला इचारलंस?"

साहेबांना ती कुठे राहते हेही माहीत नव्हतं. मला तर तिचं घर माहीत होतं.