मबरूकामावशीचं टाकं

पडदा वर गेला की समोर मबरूकामावशीचं अंगण. झर्झीस गावात, समुद्राच्या किनाऱ्यालगतचं, चुन्यानं पांढरं फटक. एका अंगाला रोटीची मातीची भट्टी, दुसऱ्या अंगाला पावसाचं पाणी साठवायचं टाकं. मागं बंद पडलेली शाळा. समुद्र ओलांडताना बुडत्या होड्यांतून वाचवलेली सुदानची, मालीची माणसं तिथंच आणून सोडत. छप्पर सरकारचं, पाणी मात्र मावशीच्या टाक्यातलं.

टाकं आता तळाला गेलं होतं. या सीमेवरच्या गावांसाठी पाण्याचा टँकर आला होता, पण एकच. तो कुणाला द्यायचा ते ठरवायला राजधानीतून साहेब निघाले होते.

मुखिया लाझहरनं सकाळीच बजावलं, "मावशी, आज तोंड पाडून बसायचं. झाडझूड नको. आपले हाल दिसले पाहिजेत."

"दिसतील रे! माझ्यावर सोड."

पण पाहुणा म्हटलं की त्या बाईच्या अंगात यायचं. अंगण झाडून झालं, शिंपून झालं. शेजारणीचा गालिचा आला. शाळेतल्या बाप्यांना धरधरून आंघोळी घातल्या आणि मेलेल्या नवऱ्याचे कोट त्यांच्या अंगावर चढवले. मासळी घातलेल्या कुसकुसचं ताट तर दोघांनी उचलून आणलं.

साहेब आडवा हात मारून जेवले. म्हणाले, "वा! इतकं सुखी गाव मी पाहिलं नाही. टँकर पलीकडच्या गावाला देऊन टाकतो."

लाझहरनं कपाळ बडवलं. "साहेब, हा सगळा देखावा आहे हो! मावशी, सांग ना!"

"ताटावरच्या माणसाला रडगाणं ऐकवू? माझी आई थडग्यातून उठून येईल!"

साहेबांनी रश्शानं बरबटलेले हात पुढं केले. "मावशी, जरा हातावर पाणी."

पाहुण्याच्या हातावर पाणी घालायचा मान घरधनिणीचा. मावशीनं तो आजवर कुणाला दिला नव्हता. तिनं ऐटीत बादली टाक्यात सोडली. खालून आवाज आला, ठण्ण! पुन्हा सोडली. पुन्हा ठण्ण. होतं नव्हतं ते सकाळच्या आंघोळींत गेलं होतं.

मावशीचा चेहरा पार उतरला. खरकट्या हातानं तिच्या दारातून आजवर कुणी परतलं नव्हतं. पण क्षणभरच. तिनं ओढणी सावरली, रिकामी बादली साहेबांच्या पुढ्यात आदळली आणि म्हणाली,

"बोटं चाट, बाळा. टँकर घेऊन ये, मग कोपरापर्यंत धुऊन देते."