शक्कीमामांचा दुसरा स्विच

शक्कीमामा जेवायला जाताना मेन स्विचचा फ्यूज काढून खिशात घालून जायचे. सेलूच्या माझ्या वर्कशॉपात त्यांनी जितकी वर्षं वायरिंग केलं, तितकी वर्षं हा नेम चुकला नाही. फ्यूज खिशात आहे, टेस्टर पेटत नाही, तरी तारेला आधी हाताची पाठ लावून पाहायचे आणि मगच पक्कड उचलायचे. "टेस्टर बी माणसानंच बनवलाय," म्हणायचे.

गावानं ठेवलेलं हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. गाडी किती वाजता येणार, हे ते स्टेशनवर दोघांना विचारत, तेही एकाचं दुसऱ्याला ऐकू जाणार नाही असं. दोघांचं जुळलं की मगच बाकावर टेकत. "एका तोंडाचं काय खरं धरायचं?" माझ्याकडचा चहासुद्धा मी पहिला घोट घेतल्याशिवाय ते तोंडाला लावत नसत. मला ते लागायचं.

एका वर्षी मी जुन्या लेथच्या सांगाड्यावर घरच्या घरी एक मशीन जुळवलं. कापसाच्या जिनिंगमधल्या चामड्याच्या रोलरवर तिरप्या खाचा पाडाव्या लागतात. हातानं त्यात दिवस जायचा. माझ्या मशीनवर पात्याचा गाडा मोटरवर आपोआप सरकायचा. गाडा टोकाला पोचला की तिथल्या लिमिट स्विचची दांडी दबावी आणि मोटर थांबावी, एवढंच मामांनी जोडून द्यायचं होतं. त्यांनी ते उलटं केलं. स्विचमधून करंट सतत फिरता ठेवला. दांडी दबली की तो तुटायचा. म्हणजे नुसती तार तुटली तरी मशीन बंद.

"उंदरानं तार कुरतडली तर कळाया पायजे ना मालक. तुमी डोळे झाकून इश्वास ठेवायलाव."

मला मात्र वेगळाच वास आला. आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला उमजू नये म्हणूनच हा घोळ घातला असणार. त्यात एक दिवस ते मशीनखाली तासभर काहीतरी करत बसले आणि मी डोकावलो तर पाठ आडवी केली. मग तर माझी खात्रीच पटली.

हंगाम तोंडावर आला आणि एका सकाळी मशीन सुरूच होईना. उंदीरच निघाला. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद, एसट्या उभ्या, मामा चारठाण्याला आपल्या घरी अडकलेले, आणि इकडे जिनवाला दारात येऊन बसलेला. मी वायरिंगचा खोका उघडला आणि स्विच वगळून त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून टाकल्या. मशीन सुरू झालं. मनात म्हटलं, एवढंच तर होतं.

दुपारी टोकाच्या खांबापाशी साचलेला चामड्याचा कचरा काढायला हात घातला. गाडा येत होता. येऊ दे, थांबेल नेहमीसारखा. सकाळी आपणच काय करून ठेवलंय, ते साफ विसरलो होतो. गाडा थांबला नाही. त्याच्या बोल्टात शर्टाची बाही अडकली आणि हात सोडवता येईना. मनगट आणि खांब यांच्यात चार बोटांचं अंतर उरलं, तेव्हा मोटर बंद पडली.

खाली वाकून पाहिलं तर सांगाड्याच्या पोटात गाड्यानं दाबलेला दुसरा स्विच. त्याची तार खोक्यात न जाता परस्पर मोटरकडे गेलेली. मी तिथंच फरशीवर बसलो. हात जागेवर होता.

मामा आल्यावर मी पिळलेल्या तारा दाखवल्या आणि विचारलं, "दुसरा लपवून का लावला?"

"दावला असता तर तुमी त्याच्या बी तारा पिळल्या असत्या," ते शांतपणे म्हणाले. "मशीनवर माझा तेवढा शक न्हवता मालक. तुमच्या घाईवर होता."

त्या दिवसापासून चहाचा पहिला घोट मी न रागावता घेऊ लागलो.

नजर कमी झाली तसे मामा काम सोडून कायमचे चारठाण्याला गेले. निघताना खिशातला फ्यूज त्यांनी माझ्या हातावर ठेवला. काही वर्षांनी तिकडून आलेल्या एका गिऱ्हाइकानं मामा गेल्याचं सांगितलं. मी वर्कशॉप तसंच उघडं टाकून बसस्टँडवर गेलो आणि चारठाण्याहून आलेल्या गाडीतून उतरणाऱ्या एका म्हाताऱ्याला गाठलं. हा तरी काही वेगळं सांगू दे, असं मनापासून वाटत होतं.

दोघांचं जुळलं.