नानांची कॅसेट

कार्यक्रमाच्या घरी पोचलं की नाना चहाच्या आधी विजेचं बटण कुठं आहे ते विचारायचे. पिशवीतून जुना टेपरेकॉर्डर निघायचा आणि त्यावर आमच्याच मंडळाची कॅसेट लागायची. यजमान कौतुकानं बघत आणि आम्ही बाकीचे तिघं शिक्षा झाल्यासारखे मान खाली घालून ऐकत बसायचो. मला या माणसाचा राग यायचा, आजही येतो. तो गेला म्हणून खोटं कशाला लिहू?

चाळीसगावच्या आमच्या भजनी मंडळाला लोक नुसतं 'चौघं' म्हणायचे. चार आवाज एकात एक गुंफून भजन म्हणणारं दुसरं मंडळ मी तरी आमच्या भागात ऐकलं नाही, तेवढं श्रेय नानांचं. ऐन तरुणपणी त्यांनी ते उभं केलं, कॅसेट काढली. पुढे त्यातले तिघे एकेक करून वारले. "माणूस मरस, आवाज मराले नको," असं नाना म्हणायचे. म्हणून नव्या माणसानं गेलेल्याच्या जागेवर बसायचं, त्याचेच टाळ घ्यायचे आणि कॅसेटमधला त्याचा आवाज जसाच्या तसा उचलायचा.

माझ्या वाट्याला बापू आले, खर्जातला आवाज. बापूंना दमा होता. ओळीच्या मध्येच ते थांबून श्वास घेत, आणि ती धाप कॅसेटमध्ये स्वच्छ ऐकू येते. माझी छाती ठणठणीत. पहिल्याच दिवशी मी ओळ एका दमात म्हटली, तर बापू थांबायचे नेमक्या त्या जागी नानांनी पेटी थांबवली.

"आठे बापू दम लेस. तू बी ले."

मी म्हटलं, नाना, तो त्यांचा आजार होता.

"तुना आवाज तुना घर ठेव. आठे बापूना लागस."

तेव्हाच उठायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी बापूंच्या पत्नी, अक्का, ऐकायला आल्या होत्या. धापेसकट म्हटलेलं भजन संपल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि बापूंना विचारावं तसं, औषध वेळेवर घेता ना, असं विचारलं. मी होय म्हटलं. पुढे मी कधी सोडून जायची भाषा केली, की नाना फक्त एवढंच विचारायचे, अक्काले काय सांगू? माणसाला खुंटीला कसं बांधायचं ते त्यांना बरोबर कळायचं.

मग माझी आई गेली. भाकरी थापताना ती एक अभंग स्वतःच्याच चालीत म्हणायची. आमच्या पिंप्राळ्याच्या घरी, तिच्या तेराव्याला, तो मी तिच्या चालीत, माझ्या आवाजात म्हणेन, असं नानांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी पहिली ओळ उचलली आणि नानांनी पेटीवर मंडळाची चाल धरली. बाकीचे दोघे सवयीनं त्यांच्यामागे गेले. सगळे पाहुणे बघत होते. माझ्या आईच्या फोटोसमोर बसून मी बापूंच्या आवाजात गायलो, धापेसकट. ते मी त्यांना कधीच माफ केलं नाही.

यंदा नाना गेले. त्यांच्या जागेवर पहूरचा एक जण बसला आहे. नानांची कॅसेट त्यानं मोबाईलवर घेतली आहे आणि आवाज हुबेहूब काढतो. मी मात्र टाळ परत केले. आता 'अक्काले काय सांगू' असं विचारणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आईच्या फोटोसमोर बसलो. घरात कुणी नव्हतं. तिची चाल मला नीट आठवत होती. डोळे मिटून सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीच्या मध्यावर थांबलो. मला धाप लागली होती.