वाफ्यातली वांगी

किकवीहून भाजीची पाटी घेऊन भोरला येणाऱ्या मावशींना मी परसातला वाफा ऐटीत दाखवला. चार रविवार खपून मी तण उपटलं होतं, वांगी राखली होती. "आता तुमची वांगी बंद," असं बायकोदेखत जाहीरही केलं होतं.

मावशींनी एक पान चुरगळलं, हुंगलं आणि तोंडाला पदर लावला.

"सायेब, वांगी तुमी उपटली. ह्यो धोतरा हाय. लई निगुतीनं वाढवलाय."

"हळू बोला, ही आत आहे."

तोवर ही बाहेर आलीच. "कशी आहेत यांची वांगी, मावशी?"

"लई जोमात हायेत, ताई," मावशी गंभीरपणे म्हणाल्या. "पर ती म्हादेवाला वाहा. खायाला माजी घ्या."

अब्रू झाकायची ही पद्धत मला नवीन होती.