रुईखाली

आर्वीच्या एका कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये डोमाजीनं रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, तुडवण्यात बारा हंगाम काढले होते. गाठीच्या पेटीत उतरायचं, वरून रुई पडत राहते, ती पायांनी दाबत आपण वर वर यायचं. आधी टाच, मग चवडा. पाय उचलायला उशीर झाला की माणूस रुततो. डोमाजी कधी रुतला नव्हता.

१९७८ सालच्या पौषात गोदामातला ढीग त्याच्यावर कोसळला. छपराला टेकलेला ढीग खालून ओढू नये. घाईत त्यानं ओढला. तो ओरडला, पण स्वतःची ओरड त्याला स्वतःलाच ऐकू आली नाही. मग कुणाच्या तरी हाताला त्याचा पाय लागला.

बाहेर काढल्यावर जोडीदार नत्थू म्हणाला, "काऊन बे, झोपून राह्यलता का? आमाले मेहनत अन् तुले गादी!"

सगळे हसले. डोमाजीही हसला. अंगावर ओरखडाही नव्हता.

घरी बायकोनं, शालूबाईनं विचारलं, "काय झालं, सांगा तं खरं."

"रुई पडली अंगावर."

"मंग?"

"मंग काई नाई."

सांगायचं तर होतं. अंधार म्हणावा तर सगळं पांढरं होतं. दाबलं म्हणावं तर वजन जाणवलंच नव्हतं. त्यानं गोधडी उचलून तिच्या डोक्यावरून टाकली, कडा घट्ट धरल्या. आतून ती खुदखुदली, "सोडा ना! पोरं पाह्यतीन!"

त्यानं कडा सोडल्या.

दुसऱ्या दिवशी पेटीच्या काठावर त्याचे पाय अडले. त्यानं दुसरं काम मागितलं. मुकादम अण्णाजी माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "गाठी उचलाच्या कामावर टाकतो तुले. पण कारण सांग."

डोमाजीनं खूप शोधलं. शेवटी म्हणाला, "कंबर दुखते."

"कंबर दुखते, तं गाठी उचलशीन कसा? पेटीच बरी मंग. नरम काम हाय. उतर."

तो उतरला. वरून रुई पडू लागली. छातीपर्यंत यायच्या आत ती पायाखाली गेली पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं. कधी तुडवलं नव्हतं तसं तो तुडवत राहिला. संध्याकाळी मुकादमानं सगळ्यांना थांबवून सांगितलं, "पाहा, कंबर दुखत असून याच्या गाठी सगळ्यांत जास्त. डोमाजी, उद्यापासून पेटी तुयीच."

पुढचे आठ हंगाम ती त्याचीच राहिली.