भिजवलेल्या गोळ्या

मामांचा मला अजून राग येतो, आणि राग आला की माझंच आतडं तुटतं.

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे सांभाळणारे ते मामा. बावीस वर्षं तेच काम. उंदीर चावला तर म्हणायचे, "चूक माझीच, न विचारता हात घातला."

त्यांच्या बायकोच्या, म्हणजे मामींच्या, नसा वाळत चालल्या होत्या. आधी हात गेले, मग जीभ जड झाली. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई नेमकं त्याच आजारावर औषध शोधत होत्या. नसांच्या पेशी परक्या औषधाला आत घेत नाहीत. पण त्यांना वाढवणारं एक प्रथिन असतं, ग्रोथ फॅक्टर. ते ओळखीचं, त्याला लगेच आत घेतात. बाईंनी औषधाचं प्रथिन त्यालाच जोडून दिलं. निम्म्या आजारी उंदरांना ते टोचायचं, निम्म्यांना नुसतं सलाईन. कोणाला काय, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. उंदरांवर जमलं तर माणसांवरच्या चाचणीत मामींचं नाव घालायचं, असं बाईंनी कबूल केलं होतं. मामा त्या एका शब्दावर जगत होते.

निकाल आला. या आजारात उंदीर वाळत जातात, औषधाने वजन टिकायला हवं होतं; पण दोन्हीकडच्या उंदरांची वजनं सारखीच. औषध बाद.

 मामा हळूच म्हणाले, "बाई, ज्यांना वरच्या जाळीतल्या खाण्यापर्यंत उठवत नव्हतं, त्यांना मी खाण्याच्या गोळ्या भिजवून खाली ठेवत होतो."

"मामा, अक्कल गहाण टाकली होती का?" माझ्या तोंडून निघून गेलं. सलाईनवाले वाळायला हवे होते, त्यांनाच यांनी पोसलं होतं.

"हिला भरवून यायचो गं. इथं हे बिचारे उंदीर वर बघत बसायचे. हातच राहत नव्हता."

बाई म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. वर्ष जाईल." मामींकडे वर्ष नव्हतं, हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं.

मीच त्यांना घरी सोडायला गेले. मामांनी मामींपासून काही लपवलं नाही. त्या एकेक शब्द ओढत बोलल्या, "उपाशी... कसं... ठेवणार?" मामा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. मामींना त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता. तो काही उचलेना. शेवटी मीच तो उचलून तिथं ठेवला.

पुढच्या खेपेला औषध लागू पडलं. मी फोन करून सांगितलं तेव्हा मामींना जाऊन तीन महिने झाले होते. "छान झालं," मामा म्हणाले. पण फोन ठेवेनात.